मंददृष्टींची दुर्बीण

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला, नागपुराहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा हे गाव आहे, आणि जाम नदीच्या पलीकडल्या तीरावर त्याला लागूनच सावरगाव. हा मुलूख मराठी बोलणारा. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. बाहेरच्या जगाला ही दोन गावे ठाऊक आहेत ती मात्र गोटमारीमुळे. नागपुराकडे ज्या दिवशी तान्हा पोळा भरतो, त्याच दिवशी येथे जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही तीरांवरचे लोक तो झेंडा हस्तगत करण्यासाठी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. डोक्याची खोक शिवता येते, मोडलेला हात सांधता येतो. डोळ्याला लागलेल्या दगडाचे तसे नाही. बुबुळावर व्रण राहतो, आतले भिंग गढुळते, किंवा पाठीमागचा पडदा फाटतो. असा डोळा पुष्कळदा संपूर्ण जात नाही. तो अर्धामुर्धा उरतो.

अर्ध्यामुर्ध्या दृष्टीला अर्थात दगडच कारण होतो असे नव्हे. पूर्वी देवीच्या साथीत कित्येकांच्या डोळ्यांत फुले पडत. आज मधुमेह आहे, काचबिंदू आहे, वर्षागणिक वाढत जाणारी लघुदृष्टी आहे, उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची होणारी झीज आहे, आणि जन्मतःच डोळ्यांत रंगद्रव्य नसलेली मुलेही आहेत. ही माणसे अंगणात कोण आले हे ओळखतात, शेताची वाट चुकत नाहीत, ताटातली भाकरी आणि भाजी त्यांना निराळी दिसते. परंतु एस.टी.ची पाटी, शाळेचा फळा, रेल्वेच्या फलाटावरचा आकडा किंवा रस्त्यापलीकडून हात करणाऱ्या सोयऱ्याचा चेहरा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. चष्म्याने हे साधत नाही. चष्मा प्रकाशाची किरणे पडद्यावर नेमकी आणून सोडतो. पडदाच विरलेला असेल तर चष्म्याचा इलाज चालत नाही. अशा वेळी एकच मार्ग उरतो. पडद्यावर पडणारी प्रतिमाच एवढी मोठी करावयाची, की विरलेल्या जागा सोडूनही तिचा अर्थ लागावा. जवळच्या अक्षरांसाठी हे काम हातातले भिंग करते. दूरच्या वस्तूंसाठी ते करणारे साधन म्हणजे दुर्बीण. खिशात मावणारी, एका डोळ्याला लावावयाची लहानशी नळी.

या नळीचे वय चारशे वर्षांहून अधिक आहे. पण मंददृष्टीच्या माणसाच्या हातात ती आली त्याला शंभर वर्षेही धड झालेली नाहीत. मधली तीनशे वर्षे ती कोणाकोणाच्या हातात होती आणि ज्याला तिची सर्वांत अधिक गरज त्याच्या हातात का नव्हती, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

१६०८ च्या ऑक्टोबरात हॉलंडमधील मिडलबर्ग गावच्या हान्स लिपरशे या चष्मे करणाऱ्या कारागिराने तेथील राज्यसभेकडे अर्ज केला. दूरच्या वस्तू जवळ दिसाव्यात असे यंत्र आपण बनविले असून त्याचा एकाधिकार आपणास मिळावा, अशी त्याची मागणी होती. राज्यसभेने त्याला पैसे दिले, पण एकाधिकार दिला नाही. कारण ही युक्ती आणखी काहींना अवगत असल्याचे लवकरच उघडकीस आले. मात्र सभेने एक अट घातली होती, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्र दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करून द्यावे, असे तिने सांगितले होते. निरोगी डोळ्यांच्या सरदारांना एक डोळा मिटून पाहण्याचा कंटाळा येणे स्वाभाविकच होते. चष्मेवाल्याच्या दुकानात जन्मलेली ही वस्तू पहिल्याच महिन्यात चष्मेवाल्याच्या गिऱ्हाइकांना सोडून लष्कराच्या स्वाधीन झाली.

पुढल्या वर्षी गॅलिलिओने स्वतः भिंगे घासून अधिक चांगली दुर्बीण तयार केली, आणि ऑगस्ट १६०९ मध्ये व्हेनिसच्या सरदारांना मनोऱ्यावर नेऊन दूर समुद्रातली जहाजे दाखविली. नुसत्या डोळ्यांना ती दिसू लागण्यापूर्वी पुष्कळ वेळ आधी ती दुर्बिणीत दिसत होती. १६१० च्या जानेवारीत त्याच मालिकेतल्या दुर्बिणीतून त्याने गुरूचे चंद्र पाहिले. त्याच्या नळीत पुढे एक बहिर्गोल व डोळ्यापाशी एक अंतर्गोल भिंग असे. प्रतिमा सुलटी दिसे आणि नळी आखूड राही. परंतु एका वेळी दिसणारा भाग अतिशय लहान असे, जणू किल्लीच्या भोकातून पाहावे तसा.

१६११ मध्ये योहान केप्लरने दुसरी रचना सुचविली. त्याच्या रचनेत दोन्ही भिंगे बहिर्गोल होती. दृष्टिक्षेत्र विस्तृत झाले, कडा स्पष्ट झाल्या; मात्र प्रतिमा उलटी दिसू लागली. ती सुलटी करण्यासाठी तिसरे भिंग घालता येईल हेही त्यानेच मांडले. केप्लरविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बालपणी त्याला देवी आल्या होत्या, आणि त्या दुखण्यातून उठल्यावर त्याचे हात व दृष्टी ही दोन्ही कायमची अधू झाली. ग्रहांच्या गतीचे नियम ज्याने शोधले तो स्वतः आकाशाचा चांगला निरीक्षक होऊ शकत नव्हता. टायको ब्राहीने नुसत्या डोळ्यांनी केलेल्या नोंदींवर त्याला विसंबावे लागले. आज मंददृष्टीच्या मुलाच्या हातात जी उत्तम प्रकारची दुर्बीण दिली जाते ती केप्लरच्याच रचनेची असते. प्रकाशाचे गणित मांडणाऱ्या त्या मंददृष्टी माणसाने हा उपयोग मात्र सुचविलेला नाही. आणि गॅलिलिओच्या बाबतीत दैवाने याहून क्रूर थट्टा केली. १६३८ पर्यंत तो संपूर्ण आंधळा झालेला होता.

हिंदुस्थानात दुर्बीण लवकर आली. सुरतेच्या बंदरात जेरेमाया शेकर्ली या इंग्रजाने १६५१ मध्ये सूर्यबिंबावरून जाणारा बुध दुर्बिणीतून पाहिला. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याच्या तेरा वर्षे अगोदरची ही गोष्ट. वस्तूबरोबर शब्दही आला. फारसीत ‘दूर’ म्हणजे लांबचे आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. त्या दूरबीनची मराठीने दुर्बीण केली, आणि ती इतकी आपलीशी केली की या शब्दाला परका म्हणण्याचे आज कोणाच्या मनात येणार नाही. गलबतावरचा तांडेल आणि फौजेतला सेनापती यांच्या हातात ती दिसू लागली. विदर्भाच्या भूमीशी तर तिचा एक विशेष संबंध आहे. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासेहून भारताच्या मोजणीचे प्रचंड काम आरंभिले. टेकडीवरून टेकडीवरच्या खुणेकडे दुर्बीण रोखून कोन मोजावयाचा, आणि कोनावरून अंतर काढावयाचे, अशी ती पद्धत. मोजणी उत्तरेकडे सरकत असताना, नागपुराच्या वाटेवर, हिंगणघाट येथे १८२३ च्या जानेवारीत लॅम्टनचा अंत झाला. म्हणजे कोसावरची खूण जवळ आणणारे यंत्र वर्धेच्या खोऱ्यात दोनशे वर्षांपूर्वीच येऊन पोहोचले होते. गावच्या देवीने अधू केलेल्या पोराला त्यातून फळा दाखवावा हा विचार कोणाला शिवण्याचे कारण नव्हते; गावात फळाच नव्हता.

त्याच काळात दक्षिणेकडे, तंजावरच्या मराठी गादीवर सरफोजी राजे होते. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. डोळ्यांच्या विकारांवर त्यांच्या आश्रयाने उपचार होत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होत, आणि रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून हकिगतीसह टिपणे ठेवली जात. ही टिपणे तंजावरच्या सरस्वती महालात जतन झालेली आहेत. आपल्या इतिहासातले हे खरोखर अभिमानाचे पान होय. तथापि त्या पानावरही प्रश्न एकच आहे : उपचाराने दृष्टी परत येईल काय? उपचार संपल्यानंतर जी थोडी दृष्टी शिल्लक राहते तिचे काय करावे, हा निराळा प्रश्न आहे, आणि तो त्या काळी युरोपातही कोणी नीट विचारीत नव्हते.

तो विचारावयाचा तर आधी शिल्लक मोजता यावयास हवी. ते माप १८६२ मध्ये उट्रेख्टच्या हर्मान स्नेलेन या डॉक्टराने दिले. दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेला, वर मोठे अक्षर आणि खाली लहान होत जाणाऱ्या ओळी असलेला तक्ता हा त्याचाच. निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरांवरून ओळखता येते ते ज्याला सहा मीटरांवर आल्याशिवाय ओळखत नाही, त्याची दृष्टी ६/६०. ‘दिसते’ आणि ‘दिसत नाही’ या दोन शब्दांच्या मध्ये एवढ्या पायऱ्या आहेत हे या तक्त्याने पहिल्यांदा आकड्यांत दाखविले. दुर्बिणीचा हिशेबही त्यामुळे सोपा झाला. ६/६० दृष्टीच्या माणसाने चौपट वर्धनाची दुर्बीण लावली तर त्याची दृष्टी, त्या नळीपुरती, ६/१५ होते.

यंत्र होते, माप होते. तरीही पुढली पन्नास वर्षे काही घडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत येना येथील त्साइसच्या कारखान्यात मोरित्स फोन रोर याने चष्म्याच्या चौकटीत बसणारी गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण तयार केली. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत विल्यम फाइनब्लूम याने तीच वाट पुढे नेली. पण दरम्यान एक विलक्षण समजूत वैद्यकात आणि शिक्षणात घट्ट रुजली होती. मंददृष्टीचा डोळा हा पणतीतल्या तेलासारखा असतो, जितका जाळावा तितका लवकर विझतो, अशी ती समजूत. लंडनमध्ये १९०८ साली अशा मुलांसाठी वेगळी शाळा निघाली. १९१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे तसेच वर्ग निघाले, आणि लवकरच त्यांना ‘दृष्टिरक्षण वर्ग’ हे नाव मिळाले. हेतू अत्यंत दयाळू होता. मुलांनी कमीत कमी वाचावे, डोळे वापरू नयेत, जमेल तेवढे कानाने शिकावे, अशी व्यवस्था होती. अंधशाळांत जी मुले ब्रेलचे उंचवटे बोटांऐवजी डोळ्यांनी टिपून वाचीत, त्यांना तसे करू न देणे हे शिक्षकाचे कर्तव्य समजले जाई. आपल्याकडे १८८७ मध्ये अमृतसरला पहिली अंधशाळा निघाली, १९०० मध्ये मुंबईत ॲना मिलार्ड बाईंनी शाळा काढली, १९०२ मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. या संस्थांनी अंध मुलांवर फार मोठे उपकार केले आहेत. परंतु पूर्ण अंध आणि अर्धे अंध यांच्यात भेद करावयास त्या काळच्या साऱ्या जगाकडेच साधन नव्हते. आणि जे साधन होते ते वापरणे पाप मानले गेले होते.

ही समजूत हलविण्याचे श्रेय बहुतांशी नॅटली बरागा या अमेरिकन शिक्षिकेचे आहे. तिने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की अत्यल्प दृष्टीच्या मुलांना पाहण्याचा पद्धतशीर सराव दिला तर ती अधिक चांगले पाहू लागतात. डोळ्याची मोजलेली शक्ती तीच राहते. तिचा वापर सुधारतो. पाहणे ही नुसती डोळ्याची क्रिया नसून मेंदूने शिकावयाची विद्या आहे, आणि विद्या वापरल्याने झिजत नाही. या एका निष्कर्षाने दुर्बिणीला शाळेचे दार उघडले. आपल्याकडे ते उघडण्यास आणखी तीस वर्षे लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये बँकॉक येथे भरविलेल्या बैठकीत अल्पदृष्टीची व्याख्या ठरली, आणि उरलेल्या दृष्टीचा कामासाठी उपयोग करू शकणारा माणूस हा तिचा गाभा झाला. १९९५ च्या भारतीय कायद्याने अंधत्वाहून निराळे असे अल्पदृष्टीचे नाव प्रथम घेतले. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात तिची मर्यादा स्पष्ट झाली : चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र चाळीस अंशांहून कमी आणि दहा अंशांपर्यंत. साधने मिळण्यासाठी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. सावरगावसारख्या सरहद्दीवरच्या गावात तिचा लाभ घेताना राज्याची सीमा आड येतेच; उपचार जवळच्या नागपुरात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि कागदपत्रे मध्य प्रदेशची. पण हे दुखणे डोळ्याचे नव्हे, नकाशाचे आहे. असो.

आता निवडीचा विचार करू. दुर्बीण घ्यावयाची ठरली की बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो, सर्वांत मोठे कोणती दाखवते? जत्रेत विकल्या जाणाऱ्या नळ्यांवरही मोठमोठे आकडे कोरलेले असतात ते याच प्रश्नासाठी. प्रश्न चुकीच्या टोकापासून आरंभलेला आहे. चौपट दुर्बिणीत ज्याचे हात स्थिर राहतात त्याला आठपटीत फळा नाचताना दिसतो, कारण वर्धन वस्तूचे होते तसेच हाताच्या कंपाचेही होते. दृष्टिक्षेत्रही वर्धनाबरोबर आक्रसते. चौपट दुर्बिणीचे क्षेत्र साधारण बारा अंश धरले तर सहा मीटरांवरच्या फळ्याचा सुमारे सव्वा मीटर रुंद भाग एका वेळी दिसतो. आठपट दुर्बिणीचे क्षेत्र सात अंश असेल तर जेमतेम पाऊण मीटर. गुरुजींनी खडू उचलून फळ्याच्या दुसऱ्या टोकाला लिहावयास घेतले की मोठ्या आकड्याची दुर्बीण घेतलेले मूल त्यांना शोधीतच राहते.

तेव्हा आरंभ आकड्यापासून न करता कामापासून करावा. कोणती वस्तू, किती दूरची, किती वेळ पाहावयाची? ६/६० दृष्टीच्या मुलाला सहा मीटरांवरून सुमारे पावणेनऊ सेंटिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखते. फळ्यावरची अक्षरे चार सेंटिमीटरांची धरली तर सव्वादोनपट वर्धन गणिताने पुरेसे ठरते. पण जेमतेम ओळखणे म्हणजे वाचणे नव्हे. सलग वाचण्यास अक्षर किमान दुप्पट सवडीचे लागते, म्हणून व्यवहारात चौपट दुर्बीण घ्यावी लागते. येथे देवनागरीची एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. रोमन लिपीतली अक्षरे उंचीने फार भिन्न नसतात; आपल्या लिपीत मात्र अर्थ पुष्कळदा अक्षरापेक्षा कितीतरी लहान असलेल्या चिन्हांत असतो. ‘सावरगाव’ हा शब्द पाहा. दोन काने सोडले तर त्यात काही नाही. शिरोरेषेखालची ठसठशीत अक्षरे ओळखली की शब्द वाचला. उलट ‘पांढुर्णा’ या एका शब्दात अनुस्वार आहे, उकार आहे, रफार आहे. तीन अक्षरांचे हे नाव वाचण्यास लागणारी दुर्बीण पाच अक्षरांच्या सावरगावापेक्षा अधिक शक्तीची लागते. तपासणीच्या खोलीत इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यावर निवडलेली दुर्बीण गावच्या पाटीवर अपुरी ठरते त्याचे एक कारण हे आहे. मुलाला ज्या लिपीत शिकावयाचे आहे त्याच लिपीतल्या, मात्रा-उकारांनी भरलेल्या ओळीवर दुर्बिणीची परीक्षा झाली पाहिजे.

दुर्बिणीवर दोन आकडे लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, ४×१२ किंवा ८×२०. पहिला वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरांत. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. पहिल्या दुर्बिणीत तीन मिलिमीटर, दुसरीत अडीच. दिवसाउजेडी डोळ्याची बाहुली लहान असते तेव्हा हा फरक जाणवत नाही. सायंकाळी बसथांब्यावर बाहुली विस्तारलेली असते, आणि झोत बारीक असेल तर पाटी मोठी दिसूनही काळोखी दिसते. ज्यांच्या बुबुळावर फूल आहे किंवा ज्यांना मुळातच उजेड अधिक लागतो त्यांनी म्हणूनच दुर्बीण दुकानाच्या दिव्याखाली न पारखता तिन्हीसांजेला पारखावी.

गॅलिलिओची आणि केप्लरची निवड आजही करावीच लागते, मग विक्रेत्याने ही नावे उच्चारली नाहीत तरी. गॅलिलिओच्या रचनेची दुर्बीण हलकी, आखूड आणि स्वस्त; दोन-अडीचपटीपर्यंत ती चांगले काम देते, आणि चष्म्याच्या चौकटीत बसविली तर दोन्ही हात मोकळे राहतात. दूरचित्रवाणी पाहणे, किर्तनाला किंवा नाटकाला बसणे, अशा एका जागी दीर्घ वेळ बसून पाहण्याच्या कामाला ती योग्य. केप्लरच्या रचनेत उलटी प्रतिमा सुलटी करण्यासाठी आता नळीत काचेचे लोलक बसवितात. १८५४ मध्ये इटलीच्या पोर्रोने ही युक्ती काढली आणि १८९४ पासून त्साइसने ती बाजारात आणली. लोलकांमुळे लांब नळी मुठीत मावू लागली. चार, सहा, आठपट वर्धन हवे असेल तर हीच घ्यावी लागते. हिचे दृष्टिक्षेत्र कडेपर्यंत स्वच्छ असते. आणि चांगल्या प्रतीची असेल तर ती फिरवून हातभर अंतरावरची वस्तूही स्पष्ट करता येते. दुकानाच्या काचेमागची किंमत, भिंतीवरची नोटीस, शेजारच्या मुलाची वही या वस्तू ना जवळच्या ना दूरच्या. तेथे हा गुण उपयोगी पडतो. पक्षी पाहण्याच्या जोडदुर्बिणी पुष्कळदा दोन-तीन मीटरांच्या आत निकामी होतात. शिवाय मंददृष्टीच्या माणसाचे दोन डोळे क्वचितच सारखे असतात. हॉलंडच्या राज्यसभेची अट येथे लागू करण्याचे कारण नाही. चांगल्या डोळ्यापुरती एक नळी बस्स होते, आणि वजन निम्मे होते.

चष्म्याचाही प्रश्न येतो. नुसता लघुदृष्टीचा नंबर दुर्बीण फिरवून बराचसा भरून काढता येतो, म्हणून चष्मा काढून पाहिले तरी चालते. तिरकस नंबर मोठा असेल तर चष्म्यावरूनच पाहिले पाहिजे. मग डोळ्याकडची रबरी वाटी दुमडता येते की नाही हे पाहावे, अन्यथा डोळा दूर राहून दृष्टिक्षेत्र आणखी आखडते.

काही डोळ्यांना मात्र दुर्बीण मुळीच मानवत नाही, आणि हे आधी कळले तर पैसा व आशा दोन्ही वाचतात. मध्यबिंदू झिजलेल्या माणसाला प्रतिमा मोठी झाल्याने लाभ होतो, कारण त्याचा कडेचा पडदा शाबूत असतो. काचबिंदूने किंवा रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या दृष्टिपटलाच्या विकाराने ज्याचे क्षेत्र नळीएवढे उरले आहे, त्याच्या बाबतीत उलट घडते. मोठी केलेली वस्तू त्या लहानशा खिडकीत मावतच नाही. अशा एखाद्याने सहज दुर्बीण उलट्या टोकाने डोळ्याला लावली तर सारे लहान, पण सगळे एकदम दिसते. मध्यदृष्टी तीक्ष्ण असेल तर खोलीत दार कोठे आणि माणसे कोठे हे जाणण्यासाठी तज्ज्ञ मंडळी हा उलटा उपयोगही सुचवितात.

मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याने हल्ली यातले पुष्कळ काम होते. फळ्याचे किंवा वेळापत्रकाचे चित्र टिपून ते पडद्यावर हवे तेवढे मोठे करावे, सावकाश वाचावे. येथे हात कापण्याचे भय नाही. ज्यांच्या घरी असा फोन आहे त्यांनी तो आधी वापरून पाहावा. धावत्या गाडीची पाटी वाचताना, किंवा गुरुजी लिहीत असतानाच ओळ टिपून घेताना नळी अजून पुढे आहे. आणि वर्गात फोन नेऊ देणे-न देणे हे शाळेच्या हाती असते.

या सगळ्या तपशिलाच्या मुळाशी एक मूल आहे, हे विसरता येत नाही. ते मागल्या बाकावर बसते, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, आणि पहिल्या दोन यत्तांतच ते मठ्ठ ठरते. चालताना ते अडखळत नाही, म्हणून त्याला दिसत नसेल अशी शंका घरात कोणाला येत नाही. शंका आलीच तर त्याला एकदम आंधळ्यांत जमा करतात. खिशातल्या नळीमुळे ते पुढच्या बाकावरून का होईना, फळा स्वतः वाचू लागले, तर त्याची शाळा गावातच राहते. मात्र नळी हाती दिली म्हणजे काम झाले असे समजून पुष्कळ दुर्बिणी पेटीत पडून राहतात. मुलाला इतरांसमोर ती डोळ्याला लावण्याची लाज वाटते, आणि ती लावण्याची रीतही कोणी शिकविलेली नसते.

रीत अशी. आरंभ कमी शक्तीच्या दुर्बिणीने, घराच्या ओट्यावरून, न हलणाऱ्या मोठ्या वस्तूंवर करावा. कोपर छातीशी किंवा गुडघ्याशी टेकवून हात स्थिर करावा. सूर्याकडे नळी कधीही रोखू नये. वस्तू आधी नुसत्या डोळ्याने, अंधुक का होईना, हेरावी. नजर तेथून न हलविता नळी डोळ्याशी आणावी. पाटी सापडत नसेल तर तिचा खांब शोधावा. खांब उभा आणि लांब असल्यामुळे नळी आडवी फिरविली की कोठेतरी आडवा येतोच. तो सापडला की त्याच्या कडेने सावकाश वर जावे, म्हणजे पाटी आपोआप क्षेत्रात येते. मग डावीकडच्या कडेपासून शिरोरेषेवरून उजवीकडे सरकावे, आणि उकार-रफारांसाठी तीच ओळ पुन्हा एकदा खालून व वरून चाळावी. दुर्बिणीतून पाहत चालावयाचे नाही. तीत रस्ता जवळ आलेला दिसतो आणि पावलाचा अंदाज चुकतो. पाटी वाचून झाली की नळी दोरीने गळ्यात सोडावी, दोन्ही बाजूंना मान वळवून पाहावे, गाड्यांचा आवाज ऐकावा, आणि मगच रस्त्यात पाऊल टाकावे.